पाण्याखालच्या हवेचा ताळेबंद

भारतीय नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेले ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती रॉकनजीक ते समुद्रतळाशी बसवायचे आणि तेथे पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभारायची, अशी ही योजना आहे. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय यापूर्वीच रुजला आहे. तारकर्ली येथे महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. मात्र आतापर्यंतचे हे पर्यटन बहुतांशी उथळ पाण्यातील खडक, मासे आणि प्रवाळ यांच्यापुरते होते. बुडवलेले जहाज हा त्यापुढचा टप्पा आहे. तेथे पाणी अधिक खोल असणार, पाहण्यासारखे अधिक असणार आणि म्हणून खाली अधिक वेळ थांबण्याचा मोहही अधिक होणार.

या योजनेविषयी रोजगार, निधी आणि पर्यावरण या तिन्ही अंगांनी चर्चा होते. एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. पाठीवर टाकी बांधून खाली उतरणाऱ्या हौशी पाणबुड्याला त्या टाकीतील हवेचा हिशेब स्वतः मांडता येतो काय?

हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. धाराशिव जिल्ह्याला (पूर्वीचे उस्मानाबाद) समुद्र नाही. बालाघाटच्या पठारावरील या जिल्ह्यातून सोलापूर-कोल्हापूरमार्गे मालवण गाठायचे तर चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. तरीही सुट्टीत कोकणाची वाट धरणाऱ्या कुटुंबांना आता मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याबरोबर ‘स्कूबा’ही करायचा असतो. त्यातील काही तरुण पुढे रीतसर प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करतात. गंमत अशी, की या पाणबुड्याला जो हिशेब शिकायचा आहे, तो धाराशिवच्या माणसाला मुळात परका नाही. साठा किती, खर्च किती आणि अडीअडचणीसाठी आधी किती बाजूला काढायचे, हा तो हिशेब. जिल्ह्यातील गावे तो दरवर्षी पाण्यासाठी मांडतात. समुद्राखाली तोच हवेसाठी मांडावा लागतो.

टाकी तीच, खर्च निराळा

आरंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बोलण्यात आणि बातम्यांतही पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जाते. हौशी पाणबुड्याच्या टाकीत सर्वसाधारणपणे शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण जमिनीवर घेतो तीच हवा, सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांशी नायट्रोजन, दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सुमारे सहा मीटरपेक्षा खोल घेतला तर तो शरीराला विषारी ठरू शकतो आणि झटके येण्याचा धोका असतो. ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेले ‘नायट्रॉक्स’ नावाचे मिश्रणही वापरले जाते. त्याने नायट्रोजनचा भार कमी होतो. टाकी मात्र जास्त वेळ पुरत नाही. टाकी किती वेळ पुरेल हे तिच्यात काय भरले आहे यावर नव्हे, तर किती भरले आहे आणि ते किती खोलीवर वापरले जाते यावर ठरते.

यामागील नियम रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ मध्ये मांडला. दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण एक बार असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका बारची भर पडते. दहा मीटरवर तो दोन बार, वीस मीटरवर तीन आणि तीस मीटरवर चार बार होतो. फुप्फुसे प्रत्येक श्वासाला तेवढीच भरतात. पण तीस मीटरवर त्या एका श्वासात पृष्ठभागावरच्या चौपट हवा दाबून बसलेली असते. टाकी त्याच प्रमाणात चौपट वेगाने रिकामी होते.

आकड्यांत सांगायचे तर १२ लिटर क्षमतेच्या टाकीत २०० बार दाबाने हवा भरली, की ती २४०० लिटर होते. शांतपणे पोहणारा पाणबुडा पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. हा साठा त्याला पृष्ठभागावर १२० मिनिटे पुरेल. तोच दहा मीटरवर ६०, वीस मीटरवर ४० आणि तीस मीटरवर अवघी ३० मिनिटे पुरेल. हे आकडे टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंतचे आहेत आणि टाकी पूर्ण रिकामी करणे हे कोणत्याही पाणबुडीचे उद्दिष्ट असू शकत नाही.

मिनिटाला २० लिटर हा आकडाही सर्वांना सारखा लागू होत नाही. सरावलेला माणूस त्याहून कमी हवेत भागवतो. नवखा, घाबरलेला, थंडीने कुडकुडणारा किंवा प्रवाहाविरुद्ध पाय मारणारा माणूस दुप्पट, प्रसंगी त्याहूनही अधिक हवा खर्च करतो. धाप लागली की श्वास उथळ आणि जलद होतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यामुळे धाप आणखी वाढते. म्हणजे हवेची गरज ज्या क्षणी सर्वाधिक, त्याच क्षणी तिचा खर्चही सर्वाधिक असतो. नियोजन करायचे ते या क्षणासाठी.

‘पन्नास बार’चा भ्रम

हौशी पाणबुड्यांना सर्वत्र सांगितला जाणारा नियम सोपा आहे. गेजवर लक्ष ठेवा आणि टाकीत ५० बार शिल्लक असताना वर या. लक्षात ठेवायला हा नियम सोयीचा आहे. पण तो खोली विचारात घेत नाही, टाकीचा आकार विचारात घेत नाही आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोडीदाराला विचारात घेत नाही.

पाण्याखाली पाणबुडा एकटा नसतो, किंबहुना नसावा. जोडीदाराची हवा संपली किंवा त्याच्या उपकरणात बिघाड झाला, तर दुसऱ्याच्या टाकीवर दोघांनी वर यायचे असते. प्रत्येकाच्या टाकीला दुसरे श्वसनमुख जोडलेले असते ते त्यासाठीच. तेव्हा राखीव साठा हा एका माणसाला नव्हे, तर दोन घाबरलेल्या माणसांना सुखरूप वर आणण्याइतका हवा.

हा हिशेब मांडणे अवघड नाही. अडचणीच्या वेळी प्रत्येकाचा खर्च मिनिटाला ३० लिटर, म्हणजे दोघांचा ६० लिटर धरू. तीस मीटरवर जोडीदाराला हवा देऊन स्थिरस्थावर होण्यास एक मिनिट लागले, तर तेथील चार बार दाबाने २४० लिटर खर्च होतील. मिनिटाला सुमारे नऊ मीटर या सुरक्षित वेगाने वर येण्यास चार मिनिटे लागतील. वाटेतील सरासरी दाब अडीच बार धरला तर त्यासाठी ६०० लिटर लागतील. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा घेतला तर आणखी २७० लिटर. एकूण १११० लिटर. बारा लिटरच्या टाकीत ही हवा ९२.५ बार भरते. थोडक्यात, तीस मीटरवरून निघताना टाकीत शंभर बारच्या आसपास हवा असायला हवी. पन्नास बार म्हणजे केवळ ६०० लिटर. तेवढ्यात दोघे पृष्ठभागापर्यंत पोहोचू शकत नाहीत.

हाच हिशेब बारा मीटरसाठी मांडला तर वेगळे चित्र दिसते. खाली एक मिनिट १३२ लिटर, वर येण्याची दोन मिनिटे १९२ लिटर आणि थांब्याचे २७० लिटर, असे मिळून ५९४ लिटर होतात. बारा लिटरच्या टाकीत ही हवा बरोबर पन्नास बारच्या आत बसते. म्हणजे ‘पन्नास बार’चा नियम खोटा नाही. तो उथळ पाण्यापुरता खरा आहे. उथळ पाण्यात वर्षानुवर्षे तो उपयोगी पडत गेला आणि म्हणूनच खोल पाण्यातही तो चालेल अशी समजूत होते. टाकी दहा लिटरची असेल तर बारा मीटरवरही त्याच हवेसाठी जवळपास साठ बार लागतात.

या दोन हिशेबांतील फरक खाली मिळणाऱ्या वेळेत दिसतो. तीस मीटरवर शंभर बार राखून ठेवले तर वापरायला १२०० लिटर उरतात. मिनिटाला ८० लिटर या दराने ती हवा पंधरा मिनिटे पुरते. पन्नास बारपर्यंत थांबायचे ठरवले तर साडेबावीस मिनिटे मिळतात. जहाजाच्या कठड्यावरून पोहताना, मोबाइलच्या जलरोधक पेटीतून छायाचित्रे घेताना, ही जास्तीची साडेसात मिनिटे फार मोलाची वाटतात. प्रत्यक्षात ती जोडीदाराच्या वाट्याच्या हवेतून घेतलेली असतात.

आकडेवारी काय सांगते

हवा संपणे ही दुर्मिळ आणि निव्वळ दैवावर टाकण्याजोगी घटना आहे, अशी समजूत असेल तर ती उपलब्ध अभ्यासाशी जुळत नाही. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेतील पेतार डेनोबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ ते २००३ या काळातील हौशी पाणबुड्यांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या प्रकरणांत दुर्घटनेची सुरुवात कशाने झाली हे ओळखता आले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत ती अपुऱ्या हवेने झाली होती. अडकून पडणे २० टक्के आणि उपकरणांतील बिघाड १५ टक्के असे त्यानंतरचे क्रम होते. समुद्री जीव, वादळ किंवा अन्य ज्या गोष्टींची सर्वसामान्य माणसाला भीती वाटते, त्या या यादीच्या अग्रभागी नव्हत्या.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्षही तितकाच बोलका आहे. प्रसंग हाताबाहेर जाण्यास जे कारणीभूत ठरले, त्यात घाईने वर येण्याचा वाटा सर्वाधिक होता. हवा संपत आल्याचे उशिरा कळते, माणूस वर झेपावतो आणि फुप्फुसांतील प्रसरण पावणारी हवा रक्तप्रवाहात शिरण्याचा धोका उद्भवतो. म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर वेगळे कारण लिहिलेले असले, तरी साखळीची पहिली कडी पुष्कळदा हवेच्या हिशेबातच सापडते. अपुऱ्या हवेचे वैशिष्ट्य असे, की जमिनीवर कागद-पेन्सिल घेऊन जवळपास पूर्णपणे टाळता येणारे हे कारण आहे.

शिकवले काय जाते

जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ विकसित केल्यानंतर स्कूबा हा हळूहळू हौशी लोकांचा छंद झाला. आरंभीच्या काळात टाकीतील हवा दाखवणारे गेज पाणबुड्याजवळ नसे. टाकीच्या झडपेतच राखीव हवा अडवून ठेवण्याची सोय असे. श्वास जड झाला की पाणबुडा एक दांडी ओढून ती राखीव हवा मोकळी करी आणि वर निघे. पुढे गेज आले, मनगटावरील संगणक आले आणि ही झडप मागे पडली. राखीव साठा ठेवण्याचे जे काम पूर्वी यंत्र करीत असे, ते आता माणसाच्या विचारावर येऊन पडले. प्रश्न असा, की तो विचार करण्यास माणसाला शिकवले जाते काय?

प्राथमिक प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात गेज वाचणे, दाब जोडीदाराला खुणेने सांगणे, हवा संपल्यास त्याच्याकडून घेणे या गोष्टी शिकवल्या जातात. त्या आवश्यकच आहेत. मात्र ‘या खोलीवरून, या टाकीसह, या जोडीदाराबरोबर निघताना किती हवा हवी’ हा हिशेब अनेक ठिकाणी पुढच्या, अधिक खर्चाच्या अभ्यासक्रमांसाठी राखून ठेवला जातो. गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांनी तो अपघातांतून शिकून घेतला. अमेरिकेतील शेक एक्सली यांनी १९७९ मधील आपल्या पुस्तिकेत गुहेतील अपघातांचे विश्लेषण करून एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश बाहेर येण्यासाठी आणि एक तृतीयांश संकटासाठी, असा दंडक ठामपणे मांडला. बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरणाऱ्यालाही डोक्यावर मोकळे पाणी नसते. तेथे हा दंडक किमान समजावा लागतो. ज्याला तो शिकवलेला नाही, त्याने जहाजाच्या बाहेरच राहावे, हे उत्तम.

हौशी पाणबुड्याला हे शिकवण्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. पहिली पायरी स्वतःचा खर्च मोजण्याची. विद्यार्थ्याने दहा मीटरवर दहा मिनिटे नेहमीच्या गतीने पोहावे आणि आरंभीचा व अखेरचा दाब पाटीवर टिपावा. बारा लिटरच्या टाकीत ३५ बार कमी झाले, तर ४२० लिटर हवा गेली. मिनिटाला ४२ आणि तेथील दोन बार दाबाने भागल्यावर पृष्ठभागावरचे २१ लिटर. हा आकडा त्या माणसाचा स्वतःचा असतो आणि शिक्षकाच्या दहा व्याख्यानांपेक्षा तो अधिक काळ लक्षात राहतो. दोघांच्या जोडीत ज्याचा खर्च अधिक, त्याच्या आकड्यावर नियोजन करायचे.

दुसरी पायरी राखीव साठा आधी काढण्याची. खोली ठरली, की दोघांना वर आणणारी हवा वर दाखवल्याप्रमाणे मोजायची आणि ती एकूण साठ्यातून वजा करायची. उरते ती वापरायची हवा. नौका जेथे थांबली आहे तेथेच परत यायचे असेल, तर या उरलेल्या हवेची निम्मी संपताच मागे वळायचे. प्रवाहाचे पाणी असेल तर त्याहूनही आधी. हे सर्व आकडे पाण्याबाहेर असतानाच पाटीवर लिहावे लागतात. तीस मीटरच्या आसपास दाबाखालील नायट्रोजनने अनेकांना हलकी गुंगी येते आणि साधी वजाबाकीही चुकू लागते. खाली गेल्यावर हिशेब करू, असे म्हणणे म्हणूनच भरवशाचे नाही.

तिसरी पायरी सरावाची. दर काही मिनिटांनी जोडीदाराचा दाब विचारणे, स्वतःचा दाब पाहण्यापूर्वी त्याचा अंदाज करणे आणि हवा वाटून घेत वर येण्याची तालीम नियमित करणे, एवढ्याने हिशेब अंगवळणी पडतो. स्थानिक बारकावेही शिकवायला हवेत. कोकणात मे महिन्यात नावेवर उन्हात तापलेल्या टाकीचा गेज फसवा असतो. ४५ अंश तापमानाला २०० बार दाखवणारी टाकी २८ अंशांच्या पाण्यात उतरताच सुमारे १८९ बारवर येते. ही हवा गळालेली नसते. पण हिशेब थंड झालेल्या टाकीवरच करावा लागतो.

विहिरीतला पोहणारा

समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांतील पाणबुड्यांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. मराठवाड्यात पोहणे शिकले जाते ते विहिरीत. पाठीला भोपळा, डबा किंवा ट्यूब बांधून काठावरून ढकलले जायचे आणि हातपाय मारीत तरायचे, ही तेथील पहिली शिकवणी. पुढे सूर मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येण्याची पैज लागते. या पोहण्यातील सारे कौशल्य श्वास रोखण्यात असते. जो जास्त वेळ श्वास धरील तो पटाईत.

स्कूबामध्ये हीच सवय घातक ठरते. विहिरीत बुडी मारणारा पृष्ठभागावर घेतलेला श्वास घेऊन खाली जातो. तो खाली दबतो आणि वर येताना पूर्ववत होतो. टाकीतून श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसांत मात्र त्या खोलीच्या दाबाची हवा भरलेली असते. दहा मीटरवर भरलेली फुप्फुसे घेऊन श्वास रोखून तो वर आला, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसे फाटण्याचा धोका असतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम श्वास कधीही न रोखण्याचा आहे. हवा वाचवण्यासाठी श्वास धरून ठेवणे हा हिशेब नव्हे. संथ, खोल आणि अखंड श्वास, कमी हालचाल आणि नेमके वजन यांनी हवा वाचते. विहिरीत तयार झालेल्या उत्तम पोहणाऱ्याला पाण्याची भीती नसते, हे त्याचे बळ आहे. मात्र ‘मला पोहता येते’ या विश्वासावर तो गेजकडे दुर्लक्ष करू शकतो, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

नियम नावेपाशी थांबले

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी त्यात अपेक्षित आहे. त्यानंतर २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा करून परतणारी पर्यटकांची नौका बुडाली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. नौकेत २० पर्यटक होते. नौकेची क्षमता, परवाना, जीवरक्षक जाकिटे या प्रश्नांकडे या दुर्घटनेने लक्ष वेधले आणि ते योग्यच होते. तथापि, नावेवरून पाण्यात उतरल्यानंतर काय, हा भाग सार्वजनिक चर्चेत तुलनेने दुर्लक्षित राहिला.

येथे दोन प्रकारच्या पर्यटकांत भेद करणे आवश्यक आहे. मालवणला येणारे बहुसंख्य लोक प्रमाणपत्राशिवाय, शिक्षकाच्या हातात हात देऊन, उथळ पाण्यात काही मिनिटे उतरतात. त्यांच्याकडून हिशेबाची अपेक्षा करणे चुकीचे ठरेल. तेथे गेज पाहणे ही संपूर्णपणे शिक्षकाची जबाबदारी आहे आणि एका शिक्षकाकडे किती माणसे, हाच खरा प्रश्न आहे. प्रमाणपत्र घेतलेल्या पाणबुड्याची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय मानकांतही देखरेखीखाली उतरणारा आणि स्वतंत्रपणे उतरणारा असे वेगळे स्तर मानलेले आहेत. ‘स्वतंत्र’ या शब्दाला अर्थ असेल, तर आपल्या हवेचा हिशेब मांडता येणे हा त्याचा किमान निकष हवा.

व्यावसायिकांचा आक्षेप ठाऊक आहे. राखीव हवा वाढवली की पाण्याखालचा वेळ घटतो आणि ग्राहक नाराज होतो. गणित पुढे केले, की पर्यटक बिचकतो. पहिला आक्षेप खरा आहे. पण वेळ वाढवण्याचे योग्य मार्गही आहेत. मोठी टाकी वापरता येते. तीसऐवजी अठरा-वीस मीटरवर फिरता येते. तीस मीटरऐवजी वीस मीटरवर राहिले तरी राखीव हवेची गरज कमी होते आणि खर्चाचा दरही पाऊणपट होतो. दुसरा आक्षेप टिकण्याजोगा नाही. यातील गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. अडचण गणिताची नसून भाषेची आहे. या क्षेत्रातील पुस्तके आणि तक्ते प्रामुख्याने इंग्रजीत आहेत, तर शिकणारा आणि मासेमारीच्या व्यवसायातून आलेला स्थानिक मार्गदर्शक हे दोघेही मराठीत विचार करतात. खोली, टाकीचा आकार आणि निघण्याचा दाब एवढ्या तीन रकान्यांचा मराठी तक्ता प्रत्येक नावेवर लावणे, ही फार खर्चाची गोष्ट नाही. ‘गुलदार’च्या परिसरात पाणबुडे नेण्याचे परवाने देताना अशा तक्त्याची आणि लेखी हवा-नियोजनाची अट घालणे सरकारला अशक्य नाही.

आधी आरक्षण, मग वाटप

धाराशिव जिल्ह्याचा समावेश राज्यातील ज्या १३ जिल्ह्यांत अटल भूजल योजना राबवली गेली, त्यांत होता. या योजनेत गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. पाऊस किती पडला, किती मुरला, पिण्यास व जनावरांना किती हवे आणि मग पिकांना किती उरते, हा त्याचा क्रम. धरणांच्या बाबतीतही १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आधी ठरते आणि सिंचनाचा विचार त्यानंतर होतो. हा क्रम उलटला की काय होते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

पाण्याखालच्या हवेचा नियमही याच क्रमाचा आहे. फरक इतकाच, की गावाचा ताळेबंद चुकला तर टँकर मागवता येतो, रेल्वे पाठवता येते. तीस मीटर खाली बाहेरून काही मागवता येत नाही. तेथे एकच जादा साठा असतो, तो जोडीदाराच्या पाठीवर. आणि तो पुरेल की नाही, हे त्याने जमिनीवर केलेल्या हिशेबावर अवलंबून असते. कोकणच्या समुद्रतळाचे दार राज्यातील हौशी लोकांसाठी उघडत असताना, प्रत्येक प्रशिक्षण वर्गात टाकी पाठीवर चढवण्याआधी पाटी-पेन्सिल हातात दिली गेली पाहिजे. आणि ज्याच्याबरोबर उतरायचे त्या मार्गदर्शकाला ‘आपण किती दाबाला वळणार, आणि तेवढाच का?’ असा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक पाणबुड्याला अधिकार आहे. त्याचे उत्तर ‘पन्नास बार, सगळेच करतात’ एवढेच मिळाले, तर त्या दिवशी उथळ पाण्यातच राहणे शहाणपणाचे ठरेल.